टोपीखालचा दात

हापशाचा दांडा कुणाचं वय बघत नाही आणि कुणाच्या लग्नाची बोलणी चालू आहेत तेही बघत नाही. एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आजऱ्यात भरमाप्पांच्या घरासमोरच्या हापशावर त्यांची मुलगी निर्मला पाणी भरत होती. दांडा खाली दाबलेला असतानाच ओला हात निसटला आणि दांडा उसळून थेट तिच्या तोंडावर बसला. ओठ फाटला होता, तो आठ दिवसांत भरून आला. पण वरच्या पुढच्या दोन दातांतला डावा दात अर्धा मोडला, तो काही भरून येणार नव्हता. तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि तिला दोन स्थळं सांगून आली होती.

भरमाप्पा तांदळाचे व्यापारी. एरवी भाव पडला तरी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचाही धीर सुटला. मिळाली ती एस.टी. धरून पोरीला घेऊन ते कोल्हापुरात आले. राजारामपुरीत दातांचे एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी मोडक्या दातातली नस काढली, उरलेला दात चारी बाजूंनी तासला आणि पुढच्या आठवड्यात त्यावर टोपी बसवली. आतून धातूची, वरून दातासारखी पांढरी. आरशात बघताना कुठला दात मोडला होता हे निर्मलाचं तिलाच ओळखू येईना, आणि तिला रडूच फुटलं.

निघताना डॉक्टर हात धूत सहज म्हणाले, "दहा-बारा वर्षं चालेल. मधनंमधनं दाखवत जा. टोपी काय जन्माची नसते, पुढंमागं बदलावी लागते." भरमाप्पा तोवर बाहेर चपला शोधत होते. त्यांच्या कानावर ते गेलंच नाही. निर्मलाच्या गेलं. दहा-बारा हा आकडा तिच्या डोक्यात जो बसला तो कायमचा. माणसाला चांगलं सांगितलेलं एक वेळ आठवत नाही, धास्तीचं मात्र बरोबर लक्षात राहतं.

घरी आल्यावर आईनं तिला स्वयंपाकघरात घेतलं आणि दार लोटलं. "हे कुठं बोलायचं न्हाई. मैत्रिणीजवळ न्हाई, मावशीजवळ न्हाई. पोरीचा दात खोटा म्हटलं की लोक दातावर थांबत न्हाईत, आणि काय काय खोटं असंल म्हणून बघत बसत्यात." निर्मलानं मान हलवली. आई काही चुकीचं बोलत नव्हती, हीच त्यातली वाईट गोष्ट होती.

दोन वर्षांनी कळंब्याचं स्थळ आलं. घर त्यांच्यासारखंच लिंगायत, चांगलं चालणारं. पेंडीचं आणि पशुखाद्याचं मोठं दुकान, नवरदेव सोमशेखर आणि धाकटा वीरेश असे दोन भाऊ, आणि त्या दोघांच्या डोक्यावर त्यांची आई नीलव्वा. नवरा लवकर गेला तेव्हा ह्या बाईनं स्वतः गल्ल्यावर बसून दुकान राखलं होतं. पोत्यात हात घालून पेंड ओली आहे की कोरडी हे त्या न बघता सांगत, आणि माणसांच्या बाबतीतही आपल्याला तेवढंच कळतं अशी त्यांची समजूत होती.

त्या घरात सोयरीक ठरवायची एक वेगळी रीत होती. देवापुढची विभूतीची वाटी आणून मधे ठेवायची. मुलीच्या आईनं तिच्यावर उजवा हात ठेवून सांगायचं, की पोरीत खोट नाही, आम्ही काही झाकलेलं नाही. मग नीलव्वा त्याच वाटीतली विभूती मुलीच्या कपाळाला ओढायच्या आणि बोलणी तिथं पक्की व्हायची. निर्मलाच्या आईपुढं वाटी आली. आईचा हात वाटीवर गेला.

"पोरीत खोट न्हाई. आमी काय झाकलेलं न्हाई," आई म्हणाली.

नीलव्वांनी विभूती लावली तेव्हा त्यांची गार बोटं निर्मलाच्या कपाळावरून फिरली. आता नुसता दात खोटा नव्हता. आईची शपथसुद्धा खोटी होती, आणि दात निघाला की ती शपथही बाहेर पडणार होती.

मग सुरू झाला तिचा खरा संसार, म्हणजे त्या एका दाताचा. भाकरीचा घास मोडून लहान करायचा. पेरू विळीवर चिरूनच खायचा. सगळं घर अंगणात बसून ऊस सोलून खात असलं की हिचं नेमकं पोट दुखायचं. हसू आलं की पदर तोंडाला. फोटो काढताना ओठ मिटलेले. नीलव्वा चारचौघींत कौतुकानं सांगायच्या, "आमची थोरली दात काढून हसणार न्हाई. वळण हाय पोरीला." निर्मला खाली मान घालून ते ऐकायची आणि मनातल्या मनात वर्षं मोजायची. ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. त्याच साली मुलगी झाली. नवऱ्यानं हौसेनं नाव ठेवलं सुष्मिता, कारण त्या साली सौंदर्यस्पर्धेच्या मुकुटामुळं ते नाव घराघरात पोचलं होतं. पोर सहा महिन्यांची झाली आणि तिच्या डोक्याची धडक आईच्या तोंडाला बसली. दुसरी एखादी ओठ चोळत हसली असती. निर्मला पोर खाली ठेवून आधी आरशाकडं पळाली होती.

हे सगळं कदाचित असंच निभावून गेलं असतं. नीलव्वा कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. सुनेच्या बाळंतपणात त्यांनी तिला डिंकाचे लाडू स्वतःच्या हातानं करून घातले होते. कधीतरी एखाद्या दुपारी दोघीच बसल्या असताना निर्मला बोलूनही गेली असती. पण मग वीरेशचं लग्न झालं.

नव्याण्णव साली धाकटी सून आली, निपाणीकडची सौंदर्या. नावासारखी होती. मोठ्यानं हसायची, आणि हसताना तिचे सगळे दात दिसायचे. निर्मलाला तिचा हेवाही वाटे आणि लळाही लागला होता. तिच्याही आईनं त्याच वाटीवर हात ठेवला होता. पहिल्या दिवाळीला नव्या सुनेला सासूनं तेल लावून न्हाऊ घालायचं असतं. नीलव्वांनी पाठीला तेल लावायला पदर बाजूला केला आणि कमरेच्या वर त्यांना रुपयाएवढा पांढरा डाग दिसला.

कोड लागत नाही, त्यानं माणसाचं काही बिघडत नाही, हे कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं असतं. विचारायला कुणी गेलंच नाही. दुसऱ्या दिवशी सौंदर्याच्या आईवडलांना बोलावून घेतलं. सोप्यात सगळे बसले. मधे तीच वाटी. सौंदर्याची आई रडत सांगत होती, की डाग लहानपणापासून तेवढाच आहे, वाढला नाही, म्हणून बोललो नाही. वीरेश खांबाला टेकून उभा होता आणि जमिनीकडं बघत होता.

नीलव्वा म्हणाल्या, "डागाचं मला काय न्हाई. हात ठिवून खोटं बोलला त्येचं हाय." आणि मग त्या एकदम आतल्या दाराकडं वळल्या. तिथं निर्मला उभी होती. "निर्मला, हितं ये. तू सांग. तुझ्या आईनं बी ह्याच वाटीवर हात ठिवलाता. ती बोलली का खोटं?"

सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. सौंदर्याचेही होते. त्या पोरीला वाटत असावं, की थोरली जाऊ आपल्या बाजूनं एखादा तरी शब्द टाकेल. निर्मलानं जीभ दातामागं दाबून धरली, अगदी त्याच दातामागं, आणि म्हणाली, "न्हाई. माझ्या अव्वानं खरं तेच सांगितलं."

"ऐकलंसा," नीलव्वा पाहुण्यांना म्हणाल्या. "बोलणारी खरं बोलत्यात. तुमाला का जमलं न्हाई?"

त्या एका वाक्यानं निकाल लागला. संध्याकाळच्या आत सौंदर्याची ट्रंक बाहेर आली. वर्षभरानं फारकतीचे कागदही झाले. पुढं वीरेशला तीन ठिकाणच्या मुली सांगून आल्या, पण तो एकीलाही बघायला गेला नाही. सकाळी दुकान उघडायचा, रात्री बंद करायचा, आणि जेवताना विचारल्याशिवाय बोलायचा नाही.

निर्मलाची भीती त्या दिवसापासून बदलली. आधी ती नुसती धास्ती होती. आता डोळ्यांसमोर एक ट्रंक होती, तिला बांधलेली दोरी होती, आणि रिक्षात बसताना मागं वळून बघणारी एक मुलगी होती. झोपेत ती दात खाऊ लागली. सोमशेखर सकाळी म्हणायचा, "काय गं, रातभर करकर करतीस, जात्यागत." ती म्हणायची, जंत झाले असतील. लहान पोरांना जंत होतात, तिशीला आलेल्या बाईला कुठले, पण नवऱ्यानं कधी खोलात जाऊन विचारलं नाही.

दोन हजार तीन साल उजाडलं. बारा वर्षं झाली. आरशात बघताना तिला हिरडीच्या कडेला एक काळपट रेघ दिसली, दोऱ्याएवढी. तिनं मीठ लावून घासली, लिंबू लावून घासली, कोळशानं घासली. रेघ होती तिथंच होती. त्यात आणखी एक. बाकीचे दात चहानं आणि वयानं पिवळसर झाले होते, पण टोपी तिच्या अठराव्या वर्षी होती तेवढीच पांढरी होती. एके दिवशी सुष्मिता अभ्यास करताना आईकडं बघून म्हणाली, "मम्मी, तुझा तेवढाच दात पांढरा का? आणि वर काळं काय लागलंय?" पलीकडं नीलव्वा लसूण सोलत होत्या.

"मिश्री लावली असंल," नीलव्वा मान वर न करता म्हणाल्या.

झालं. बुडत्या बाईला तेवढा आधार पुरला. नीलव्वा रोज सकाळी तंबाखू भाजून केलेली मिश्री लावायच्या. दुसऱ्या दिवसापासून निर्मलाही त्यांच्या डबीतली चिमूट घेऊन बसू लागली. सगळ्याच दातांना डाग पडले, की एकाचा डाग कुणाला दिसणार? पहिले चार दिवस तिला गरगरलं, उलटी झाली, तरी तिनं सोडली नाही. सासूला तर बरंच वाटलं, सकाळी शेजारी बसायला सोबत झाली. आणि मिश्रीनं काय केलं, तर हिरडी आणखी खवळली, आणखी वर सरकली आणि काळी रेघ दोऱ्याची सुतळी झाली. रेघ वाढली म्हणून ही मिश्री जास्त लावायची, आणि मिश्री लावली की रेघ वाढायची. अशी दोन वर्षं गेली.

मग वास यायला लागला. तो तिला स्वतःलाच यायचा, सकाळी उठल्यावर, कुजक्या पाल्यासारखा. दाताच्या मुळाशी खारट लागायचं. आणि दोन हजार पाचच्या डिसेंबरात एका सकाळी चूळ भरताना जिभेला टोपी हलल्यासारखी वाटली. तिनं बोट लावून बघितलं. हलत होती. ती मोरीच्या कडेला तशीच बसून राहिली. दूध उतू गेलं, तरी तिला कळलं नाही.

संक्रांतीच्या बांगड्या भरायला महाद्वार रोडला जाते, असं सांगून ती घरातून निघाली. राजारामपुरीतले म्हातारे डॉक्टर कधीच वारले होते. त्याच गल्लीत एका तरुण मुलीची पाटी दिसली, डॉ. स्नेहल. निर्मला आत शिरताना तीन वेळा मागं वळून बघून घेत होती, ओळखीचं कुणी बघत तर नाही.

स्नेहलनं दिवा तोंडावर घेतला, आरसा फिरवला, दाताचा छोटा एक्स-रे काढला. "किती वर्षं झाली टोपीला?"

"चौदा."

"मग बरीच टिकली की. कुणाची पाच वर्षांत जाते, कुणाची वीस वर्षं राहते. मधे कधी दाखवलं नाही?"

निर्मलानं मान हलवली. "दुखलंच न्हाई कधी."

"नस काढलेला दात दुखणार कसा, ताई? म्हणून तर दुखायची वाट बघायची नसते." स्नेहल स्टूल जवळ ओढून बसली. "टोपी किडत नाही. टोपीखालचा दात किडतो. हिरडी वर सरकली की टोपीची कड उघडी पडते. टोपी ज्यानं चिकटवलेली असते ते हळूहळू झिजतं, बारीक फट पडते, तिथनं अन्न आत जातं आणि खाली कुजत राहतं. वरनं सगळं झकास. नुसती काळी रेघ असती तर मी हातसुद्धा लावला नसता. ती आतल्या धातूची कड दिसतीय, दिसायला वाईट, दाताला धोका नाही. पण ही हलतीय. आणि इथं वरचा मुलामा उडालाय. रात्री दात खाता का?"

"खाते म्हणत्यात."

"आणि मिश्री कधीपासून?"

ह्यावर निर्मला काय सांगणार होती, की रेघ लपवायला लावते?

स्नेहलनं सांगितलं, की जुनी टोपी काढायची, कुजलेलं साफ करायचं, मुळाला आधार द्यायचा आणि नवी टोपी करायची. तीन-चार फेऱ्या होतील. तोवर प्लॅस्टिकची तात्पुरती. "आज सुरू करू?"

"आज नको." निर्मला खुर्चीतून अर्धी उठलीच होती. तीन-चार फेऱ्या. तेवढ्या वेळा घराबाहेर पडायला कारणं कुठून आणायची? आणि तात्पुरती टोपी घरात, सगळ्यांसमोर निसटली तर? "संक्रांत झाली की येते."

"थांबवलंत तर मूळ चिरेल. मग टोपी बदलायची गोष्टच राहणार नाही, दात काढावा लागेल." स्नेहलनं तिच्याकडं नीट बघितलं. "घरी कुणी काही म्हणतं का? दातच आहे, ताई. कळलं तर काय होईल?"

काय होईल ते ह्या शहाण्या मुलीला कसं सांगायचं. शेवटी स्नेहलनं तीच टोपी तात्पुरत्या मसाल्यानं पुन्हा चिकटवून दिली आणि बजावलं, पंधरा दिवस धरेल, पुढच्या दातानं काही तोडू नका. घरी जाताना निर्मलानं बांगड्या भरल्या.

पंधरा दिवस गेले आणि वर एक आठवडा गेला. भोगीचा दिवस आला. बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी, भोगीची भाजी, लोण्याचा गोळा. सणाला सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं हा नीलव्वांचा दंडक होता. सोमशेखर, वीरेश, सुष्मिता, नीलव्वा, आणि चुलीजवळ निर्मला. तिनं भाकरी नेहमीसारखी कुसकरूनच घेतली होती. दुसऱ्या की तिसऱ्या घासाला तोंडात खडा लागल्यासारखं झालं. जिभेनं चाचपलं, तर समोर नुसती पोकळी होती. तिला ठसका लागला, आणि टोपी तोंडातून निसटून स्टीलच्या ताटात टणकन् पडली.

"मम्मी, तुझा दात," सुष्मिता म्हणाली.

निर्मलानं पदर तोंडाला लावला. उशीर झाला होता. नीलव्वांनी हात लांब करून तिच्या ताटातली ती वस्तू उचलली. "हे काय गं?"

आणि चौदा वर्षं दाबून ठेवलेलं सगळं निर्मलाच्या तोंडून धडाधडा बाहेर पडलं. हापसा, दांडा, डॉक्टर, आईचा हात, वाटी. फटीतून वारा जात होता, शब्द नीट फुटत नव्हते, तरी ती थांबली नाही. "अव्वानं विभूतीवर हात ठिवून खोटं सांगितलं, आत्ती. मला ठावं होतं, मी गप बसले. माझ्या पोरीसाठी तरी मला माहेरी धाडू नका." तिनं हात जोडले होते.

नीलव्वा उठल्या, खिडकीपाशी गेल्या, टोपी उजेडात धरून उलटीसुलटी करून बघितली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. निर्मलाला तो तिच्या सगळ्या संसाराएवढा वाटला.

"ह्येच्यापायी तेरा वर्षं पदर तोंडाला लावून बसलीस?" नीलव्वा म्हणाल्या. "मला वाटायचं, लाजतीस." आणि त्या हसायला लागल्या. पोट धरून हसल्या, त्यांच्या बाजूच्या रिकाम्या हिरड्या दिसल्या. "आगं, दात व्हय. दाताला कोण इचारतंय? माझं मागचं पाच गेल्यात, तुझ्या सासऱ्याचं तर ऐन लग्नात दोन न्हवतं."

"आणि मला म्हणतीया, जंत झाल्यात," सोमशेखर म्हणाला. सुष्मिता खिदळली. निर्मला रडत होती आणि हसत होती, आणि तोंड झाकायचं तिला पहिल्यांदाच सुचलं नाही. छातीवरचं ओझं असं एका क्षणात उतरतं, हे तिला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. फक्त वीरेश हसला नाही. तो अर्धी भाकरी टाकून उठला, हात धुतला आणि दुकानाकडं गेला. त्या गडबडीत त्याच्याकडं कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमशेखर तिला स्वतः स्कूटरवरून घेऊन गेला. मूळ चिरलं नव्हतं, अगदी थोडक्यात वाचलं होतं. स्नेहलनं कुजलेलं काढलं, मुळात आधार बसवला, मापं घेतली, रंगांच्या नमुन्यांतून शेजारच्या पिवळसर दाताला जुळणारा रंग निवडला. नीलव्वांच्या मिश्रीच्या डबीला निर्मलानं पुन्हा हात लावला नाही. पंधरा दिवसांत नवी टोपी बसली. नीलव्वा शेजारणीला बोलावून म्हणाल्या, "वळख बघू ह्यातला खोटा कुठला." शेजारणीला ओळखता आला नाही. निर्मलानं तिला सगळं तोंड उघडून दाखवलं.

त्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात एकटीच असताना वीरेश दारात येऊन उभा राहिला. तो एरवी आत यायचा नाही.

"वैनी, एक इचारू?"

"इचारा की, भावजी."

"सौंदर्याच्या येळंला अव्वानं तुमाला पुढं बोलावलंतं. तवा तुमी सांगितला असता तुमचा दात, तर दोन्ही सुना एका दिशी घालवल्या असत्या का तिनं?"

निर्मलानं मळलेल्या पिठाची परात खाली ठेवली. उत्तर तिला माहीत होतं. नीलव्वा हसल्या त्या क्षणीच तिला ते कळलं होतं, आणि तिनं ते पंधरा दिवस मागं ढकललं होतं. नातीची आई, घर चालवणारी सून, पाच-सहा वर्षं जवळ राहिलेली. तिला कुणी घालवलं नसतं. आणि तिला ठेवली असती, तर दुसरीला घालवायला तोंड राहिलं नसतं.

"मला भ्या वाटलं," ती म्हणाली. "मला बी धाडत्यात म्हणून."

"मला बी वाटलं," वीरेश म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "नवरा मी होतो. मला तो डाग लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासनं ठावा होता. मला कायबी वाटलं न्हवतं त्येचं. आणि मी खांबाला टेकून हुभा राहिलो."

बाहेर सुष्मिता मोठ्यानं कविता पाठ करत होती. वीरेश चौकटीचा रंग नखानं खरवडत राहिला.

"गेल्या साली तिचं लगीन झालं," तो म्हणाला. "निपाणीचा गिऱ्हाईक सांगत होता. पावणं बघायला आलं, तर च्या आणायच्या आदीच ती बाहेर आली म्हणं. पोराच्या म्हातारीफुडं बसली, पदर सारला आणि पाठ दावली. म्हणाली, हे असं हाय, आता तुमी ठरवा."

"मग?"

"मग काय. म्हातारीनं पदर सारखा केला आणि च्या मागितला. त्याच बैठकीत ठरलं."

एवढं सांगून तो निघून गेला. निर्मला परातीपुढं बसली. ज्या गोष्टीला ती इतकी वर्षं भ्याली, ती त्या पोरीनं चहाच्या आधी उरकली होती. निर्मलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मळलेलं पीठ वाळून जाईपर्यंत ती तिथून उठली नाही.